गावकुसाबाहेरून पदपथावर

१३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या माणसांना हुसकावून त्यांच्या मूळ गावी परत धाडण्याची घोषणा केली. असे जिणे अमानुष आहे, हे त्या कारवाईचे समर्थन होते. जिणे अमानुष, म्हणून ते जगणारालाच उचलून बसमध्ये कोंबायचे, असा हा करुणेचा सरकारी अर्थ!

या कारवाईविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस, काही नागरी हक्क संघटना आणि स्वतः पदपथवासी न्यायालयात गेले. त्या खटल्याच्या निकालपत्रात दोन पदपथवासीयांची हकीकत नोंदलेली आहे. एक तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून तो १९६१ साली मुंबईत आला. दुसरा संगमनेरचा, १९६९ साली आलेला. गावी तो जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवीत होता. गावातले त्याचे घर, त्याला घर म्हणायचे तर, कोसळले. मुंबईत तो महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले आणि बांबू-प्लॅस्टिकवर ७०० रुपये खर्चले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कमाई. पदपथ फुकट मिळतो, हा पांढरपेशांचा समज किती पोकळ आहे, हे एवढ्यावरून कळावे.

निकालपत्रात त्या माणसाची जात लिहिलेली नाही. पण गावात कोण जोडे शिवतो आणि कोणाचे घर आधी कोसळते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. 'मूळ गावी परत जा' या आदेशाचा खरा अर्थ इथे उघड होतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगानावर घणाघाती प्रहार केला होता. ज्याला त्या खेड्याने वेशीबाहेर ठेवले, त्याला सरकार पुन्हा त्याच वेशीबाहेर नेऊन सोडत होते.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. कामाच्या जवळ राहता यावे म्हणून माणूस पदपथावर राहतो, हेही न्यायालयाने मान्य केले. परंतु पदपथ हा चालणारांचा असून महापालिकेला तो मोकळा करता येईल, असेही सांगितले. सवलत काय? तर ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नये आणि १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी. तत्त्व मिळाले, छप्पर मिळाले नाही.

छपराची लढाई वेगळ्याच वाटेने पुढे गेली. १९८४ साली भायखळा-नागपाडा परिसरात 'स्पार्क' ही संस्था उभी राहिली. हा परिसर आपल्या साहित्याला अनोळखी नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मधला कावाखाना इथलाच. संस्थेने पदपथवासीयांची घरोघर मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची ही पाहणी १९८५ मध्ये 'वुई, द इन्व्हिजिबल' (आम्ही अदृश्य माणसे) या नावाने प्रसिद्ध झाली. ज्यांची गणतीच नाही त्यांना घर कोण देणार, हे त्यामागचे साधे गणित होते. पुढच्याच वर्षी पदपथावरील स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुतम यांच्या झोपडीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाशी तिचे नाते जुळले. या स्त्रियांनी थोडीथोडी बचत केली, शिधापत्रिकांसाठी खेटे घातले, आपल्याला हव्या त्या घराचा नमुना प्रत्यक्ष उभारून दाखविला.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथवासीयही घरासाठी पात्र ठरले. मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले. घोषणेपासून धोरणापर्यंत चौदा वर्षे गेली आणि प्रत्यक्ष घरे व्हायला त्याहूनही अधिक.

मोर्चाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या चळवळीला हा मार्ग मवाळ वाटेल. सरकारशी बोलणी करणाऱ्या संस्थांविषयी संशय बाळगण्यास कारणेही आहेत. परंतु ज्या बाईचे भांडे महापालिकेची गाडी वारंवार उचलून नेते, तिने स्वतःची गणती स्वतः करावी, ही घटना मोर्चाहून कमी राजकीय आहे काय?

तथापि घर म्हणजे चार भिंती नव्हेत. भायखळ्याची घरकामे सोडून मानखुर्दला गेलेल्या बाईला रोजचा रेल्वेचा प्रवास आला. इमारतीच्या देखभालीचा मासिक खर्च आला. जवळ काम, शाळा, दवाखाना आणि पाठीशी उभी राहणारी संघटना असेल तरच मिळालेले घर टिकते. नाहीतर माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. घराबरोबर आधार, ही मागणी म्हणूनच दयेची नाही, हिशेबाची आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर माणसे नोंदली गेली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांना निवाऱ्यांचे आदेश दिले. निवारे हवेतच. पण रात्रीपुरती पथारी म्हणजे घर नव्हे. माणसाला पत्ता लागतो. पत्ता नसला की शिधापत्रिका नाही, मुलाची शाळा नाही, मत नाही. शतकानुशतके आपला पत्ता दुसऱ्यांनी ठरविला: गावकुसाबाहेर. तो आता आपण ठरवू, एवढेच पदपथावरच्या या स्त्रिया सांगत आहेत. सामाजिक न्यायाच्या कुठल्याही जाहीरनाम्यात ही मागणी पहिल्या ओळीत असली पाहिजे.