चार रुपये पगाराचा बोलर

परळीत उन्हाळा लागला की टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. मी डावखुरा स्पिनर. संघात बोलिंगसाठी घेतात आणि बॅटिंगला अकराव्या नंबरवर पाठवतात. एकदा पाणी पिताना कुणीतरी मला ‘लगान’मधला कचरा म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री मोबाइलवर शोधत बसलो, असा कुणी खरोखर होऊन गेलाय का? तेव्हा सापडले बाळू पळवणकर.

जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. वाढले पुण्यात. आधी पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर नोकरी, मग १८९२ मध्ये युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी बोलिंग टाकायची. तासन् तास टाकायची. बॅट मात्र हातात कधी दिली नाही. आज नेट बोलर म्हणतात तसं समजा, फक्त पुढे कुठलं कॉन्ट्रॅक्ट नाही.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं. मैदानात सगळे त्याच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. विकेट चालते, कप चालत नाही. हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला होता.

१८९६ मध्ये ते मुंबईला गेले. तिथे सैन्यात आणि रेल्वेत नोकरी, आणि त्यांच्याच संघांकडून क्रिकेट. १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईच्या युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये भारतीयांचा संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरून परत आला. त्याच दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. बराच गाजावाजा झाला, बाळू परत आले आणि उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. थोरल्याचा हक्क धाकट्याला मिळाला.

इथपर्यंत गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची मला जड गेली.

एके काळी बाळूंच्या सत्कारांत खुद्द बाबासाहेबांचा पुढाकार असायचा. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. बाळू काँग्रेसकडे गेले, धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांचा विरोध होता. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते थेट बाबासाहेबांसमोर उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोकांनी घरं जळताना पाहिली, जीव गमावले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून नाचतो. आता माझा नवा हिरो नेमका बाबासाहेबांच्या विरोधात उभा. वाटलं, हा शेवटचा भाग गाळूनच सांगावं.

गाळला नाही. ज्यांच्या कारकिर्दीतलं कर्णधारपद दुसऱ्यांनी गाळलं, त्यांचा पराभव मी कशाला गाळू? बाळू १९५५ मध्ये गेले. बाबासाहेबांच्या धर्मांतराला तेव्हा वर्ष बाकी होतं.

पुढच्या मॅचला बाउंड्रीवर बसून पोरांना सगळं सांगितलं, १०९ धावा, ११४ बळी, ११,२२५ मतं. सगळ्यात धाकटा म्हणाला, “एवढ्या विकेटा काढल्या, मग कॅप्टन का नाही केलं?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. पाण्याची बाटली फिरत फिरत माझ्याकडे आली, मी तोंड लावून प्यालो आणि पुढे दिली.