नानकटाई भट्टीत फुलते कशी?

दिवाळी जवळ आली की रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून जवळच्या बेकरीत नानकटाई भाजून आणण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक वर्षे रूढ आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारखे तालुक्याचे गाव असो वा पुण्या-मुंबईतील पेठा, भट्टीत घडणारे रसायनशास्त्र मात्र सर्वत्र सारखेच असते. एकाच प्रमाणाने केलेली नानकटाई कधी पसरते, कधी दगडासारखी कडक होते, याचे उत्तर या शास्त्रातच सापडते.

नानकटाईचा खुसखुशीतपणा भट्टीत जाण्याआधीच ठरतो. मैद्यातील प्रथिने पाण्याच्या संपर्कात आली की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, नानकटाईला नको. पिठाला चोळलेले तुपाचे मोहन प्रत्येक कणावर पातळ थर देते व पाण्याला अडवते. पीठ जास्त मळल्यास हे जाळे तयार होऊन नानकटाई कडक होते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्याने त्याची बिस्किटे अधिक ठिसूळ होतात.

भट्टीत प्रथम वितळते ते तूप. साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते पातळ होते आणि गोळा पसरू लागतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा तूप आधीच पातळ झालेले असते व नानकटाई चपटी होते. अशा वेळी गोळे अर्धा तास शीतकपाटात ठेवणे हा सोपा उपाय होय.

यानंतर खाण्याच्या सोड्याचे काम सुरू होते. उष्णतेने त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो व पाण्याची वाफही होऊ लागते. त्यामुळे गोळा फुगतो. वरचा पृष्ठभाग आधी सुकून घट्ट झालेला असतो. आतील वायूच्या दाबाने तो तडकतो. नानकटाईवरील परिचित भेगा त्या याच. पिठात दही असल्यास त्यातील आम्लामुळे वायू लगेच सुटू लागतो, म्हणून असे पीठ फार काळ ठेवू नये. सोडा जास्त झाल्यास साबणासारखी चव येते व रंगही गडद होतो.

पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या वर चढते. साधारण १४० अंशांपुढे अमिनो आम्ले व काही शर्करा यांच्यातील अभिक्रिया वेग घेते आणि सोनेरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला 'मेयार अभिक्रिया' म्हणतात.

याच टप्प्यावर सावधगिरीही हवी. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानाला भाजताना वा तळताना अ‍ॅक्रिलामाइड हे घातक ठरू शकणारे रसायन तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जाहीर केले. पदार्थ जितका करपेल तितके त्याचे प्रमाण सहसा वाढते. त्यामुळे नानकटाई फिकट सोनेरी असतानाच काढणे हिताचे. तुपाऐवजी वनस्पती तूप वापरणाऱ्यांनी ट्रान्स फॅटकडेही लक्ष द्यावे. भारतात खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांतील त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे.

भट्टीतून काढलेली नानकटाई मऊ लागते; ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजण्याची चूक अनेकदा होते. वास्तविक त्या वेळी तूप पातळ व साखर मऊ असते. थंड होताना दोन्ही घट्ट होतात आणि नानकटाईला अंग येते. पूर्ण थंड झाल्यावरच ती हवाबंद डब्यात भरावी. गरम असताना भरल्यास अडकलेली वाफ, आणि पावसाळ्यात हवेतील दमटपणा साखर शोषून घेते. मग साऱ्या मेहनतीने आणलेला खुसखुशीतपणा दोन दिवसांत नाहीसा होतो.