कार्बोलिक आम्ल आणि लिस्टर

मोडलेलें हाड कातडी फोडून बाहेर आलें, कीं पूर्वीं जखम सडे आणि पाय कापावा लागे. ग्लासगोच्या रुग्णालयांत १८६४ व १८६६ या दोन सालीं अवयव कापलेल्या ३५ रोग्यांपैकीं १६ दगावले.

सडण्याचें मूळ सूक्ष्म जंतूंत आहे, हें तेथील शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांना पाश्चरच्या लेखांवरून उमगलें. कार्लाइल गांवीं सांडपाण्याची दुर्गंधी कार्बोलिक आम्लानें नाहींशी होते, असेंहि त्यांच्या कानीं आलें होतें. रुंगे या जर्मन रसायनज्ञानें १८३४ सालीं दगडी कोळशाच्या डांबरांतून काढलेलें हें आम्ल इतकें दाहक, कीं त्याचा स्पर्श होतांच कातडी पांढरी पडून भाजते.

१२ ऑगस्ट १८६५ रोजीं गाडीच्या चाकाखालीं पाय सांपडलेला अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीज त्यांच्यापुढें आला. आम्लांत भिजविलेली पट्टी जखमेवर बांधली. सहा आठवड्यांनीं हाड सांधलें. मुलाचा पाय वांचला. पुढें १८६७ ते १८७० या काळांत अवयव कापलेल्या ४० रोग्यांपैकीं सहाच दगावले.

नंतर लिस्टर शस्त्रक्रियेच्या वेळीं हवेंतहि हें आम्ल फवारूं लागले. तो फवारा निरर्थक ठरला, तेव्हां १८९० सालीं बर्लिनच्या परिषदेंत त्यांनीं स्वतःची चूक उघडपणें कबूल केली. शोधाइतकीच ही कबुलीहि मला मोठी वाटते.