ठरलेल्या वेगाची चाळीस वर्षं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांनी 1922 साली साताऱ्यात कारखाना काढला, आणि सातारा रोडच्या त्यांच्या इंजिनांचं नाव पुढे गावोगावी झालं. आमच्या भागाला यंत्राशी वागायला या दोघांनी शिकवलं, असं मी मानतो.

साताऱ्याकडच्या खंडाळ्यात माझ्या आजोबांची पिठाची गिरणी कूपरच्या इंजिनावर चाले. वेग वाढवताना मध्येच एका टप्प्यावर जोतं, पत्रे, धान्याचे डबे सगळं थरथरायचं. आणखी वेग घेतला की शांत. "तिथं रेंगाळू नगंस," एवढंच ते सांगत.

प्रत्येक बांधणीची स्वतःची थरथरण्याची गती असते. फिरत्या वजनाची गती तिच्याशी जुळली, की किरकोळ असमतोलही मोठे हादरे देतो. त्या वेगापलीकडे दांडा चालवताच येणार नाही, असं रँकिनने 1869 साली मांडलं होतं. स्वीडनच्या दे लाव्हालने टर्बाइन तो वेग ओलांडून चालवलं, आणि पलीकडे दांडा पुन्हा का स्थिरावतो ते जेफकॉटने 1919 साली गणिताने दाखवलं. आजोबांना हे सगळं हाताला कळलेलं होतं.

1962 साली कोयनेची वीज सुरू झाली. हळूहळू इंजिनं गेली, मोटरी आल्या. पन्नास सायकलच्या विजेवर सहा पोलची मोटर मिनिटाला सुमारे 980 फेरे घेणार, कमी नाही, जास्त नाही. कारखान्यातल्या बॉयलरचा धूर ओढणारा पंखा, म्हणजे आयडी फॅन, त्याच वेगाने फिरायचा. हवा कमी हवी तर डॅम्पर झाकायचा. सुरू होताना पंखा तो वाईट टप्पा काही सेकंदांत ओलांडून जाई. कुणाच्या लक्षातही येत नसे.

चाळीसेक वर्षांनी वीज वाचवायला मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, आले, आणि पंखे मधल्या वेगांवर तासन्‌तास फिरू लागले.

खंडाळा तालुक्यातल्या एका कारखान्यात असाच आयडी फॅन मिनिटाला 670 फेऱ्यांना बेअरिंग खात होता. बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा झालं होतं, पण टिकत नव्हतं. मला बोलावलं. मी पंखा आधी पूर्ण वेगावर नेला: गुळगुळीत. मग मोटर बंद केली. दोष विजेचा असता तर हादरे त्याच क्षणी गेले असते. इथे वेग उतरताना हादरे मोजणारा काटा उलट चढत गेला, 670च्या आसपास शिगेला पोचला आणि पडला. आडवे हादरे उभ्यांच्या कितीतरी पट. पंखा थांबल्यावर बेअरिंगखालच्या पेडेस्टलला लाकडी मोगरीने ठोका दिला. उत्तर आलं सेकंदाला अकरा कंपनं. मिनिटाला 670 फेरे म्हणजे सेकंदाला तेवढेच. दोष पंख्यात नव्हताच, तो ज्या लोखंडी बैठकीवर उभा होता तिच्यात होता.

त्या दिवशी ड्राइव्हमध्ये 600 ते 740 फेऱ्यांचा पट्टा वगळला, म्हणजे काम चालू राहिलं. कायमचा उपाय बैठक भक्कम करण्याचा, आणि तो अर्धवट करून चालत नाही. अकराची सोळा कंपनं झाली तर पंखा पूर्ण वेगावरच अडकणार, कारण मिनिटाला 980 फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे सोळाच. विसाच्या वर जायचं तर भक्कमपणा तिपटीहून जास्त वाढवावा लागतो. आम्ही तिरपे आधार जोडले, बैठकीखालचं पोकळ झालेलं ग्राउट फोडून नवं भरलं.

आता नवा पंखा बसतो तिथे मी एकच आग्रह धरतो: इम्पेलर चढल्यावर, कपलिंग जोडण्याआधी, मोगरीचा ठोका द्या आणि आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.