असईची लढाई टेबलावर

मिनिएचर वॉरगेमिंगमधला, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या लढायांमधला, प्रत्येक नियम म्हणजे इतिहासाविषयी केलेले एक विधान असते. कोणत्या पलटणीला किती फासे द्यायचे, ती किती इंच सरकेल, किती माणसे पडल्यावर माघार घेईल, हे ठरले की त्या सैन्याबद्दलचे मत मांडून झाले. वसाहतकालीन लढायांच्या खेळात हे मत फारसे तपासले जात नाही, म्हणून इथे ते एका लढाईवर घासून पाहू.

या प्रकारातले सर्वांत परिचित नियम अमेरिकेच्या लॅरी ब्रॉम यांचे, १९७९ सालचे ‘द सोर्ड अँड द फ्लेम’. त्यात पत्ते पिसून एकेक उलटायचा. लाल निघाला तर एका बाजूची तुकडी हलते, काळा निघाला तर दुसरीची. किती हलायचे तेही फासेच ठरवतात. पुढची चाल कोणाची हे कोणालाच ठाऊक नसते आणि रणांगणावरचा गोंधळ आपोआप उभा राहतो. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अडचण आहे ती या खेळांतल्या सर्वसाधारण गृहीतकाची: युरोपीय सैनिक थोडे, शिस्तीचे, नेमबाज, स्थानिक लढवय्ये पुष्कळ, चपळ, हातघाईत भारी. २२ जानेवारी १८७९ रोजी रॉर्क्स ड्रिफ्टला मक्याच्या पोत्यांआडून सुमारे दीडशे जण हजारो झुलूंशी लढले. तिथे हे गणित जमते. असईला जमत नाही.

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंद्यांचे कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणी, आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. कंपूंचा सेनापती होता हॅनोव्हरचा पोलमान. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली.

आता टेबल मांडू. सहा फूट लांबीवर एक इंच म्हणजे पंचवीस यार्ड धरले, तर मैलाहून थोडी जास्त जमीन बसते, आणि लढाईची आघाडी साधारण मैलभरच होती. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर यार्ड, म्हणजे जेमतेम चार इंच. पण २८ मिलिमीटरचा शिपाई खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढा, तर जमीन नऊशेपट आटलेली. त्यामुळे शिपायाच्या मापाचे एक घर ठेवले की ते जमिनीच्या मापाने पंधरापट मोठे होते. सबंध असई गाव दोन-तीन घरांत दाखवावे लागते. ही तडजोड चालते. सैन्याच्या गुणवत्तेत केलेली तडजोड मात्र लढाईच बदलून टाकते.

केळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच वेलस्लीने ताडले की मधे उतार असणारच. तिथून तो पार झाला, शत्रूच्या बगलेवर येण्यासाठी. कंपू इतक्या झपाट्याने काटकोनात फिरून नवी आघाडी धरतील, अशी त्याची अपेक्षा नव्हती. म्हणजे आजच्या नियमपुस्तकातले गृहीतक त्या दिवशी खुद्द वेलस्लीच्याही मनात होते, आणि ते चुकले.

पुढे मराठी तोफखान्याने इंग्रजांच्या तोफा निकामी केल्या. इंग्रज रांग अंगावर आल्यावर काही गोलंदाज मेल्याचे सोंग करून तोफांपाशी पडले, रांग पुढे जाताच उठले आणि पाठीमागून मारा करू लागले. ७४ वी हायलँडर पलटण असईच्या रोखाने भलतीकडे भरकटली आणि भाजून निघाली. इंग्रजांकडे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

मग कंपू का हरले? माझ्या मते उत्तर शिपायात नाही, हुकमतीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आवाहन केल्यावर इंग्रज वंशाचे अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले होते. शिंदे आणि भोसले हे दोन्ही सरदार रण सोडून निघाले, आणि भोसल्यांचे घोडदळ जवळजवळ लढलेच नाही.

म्हणून असई मांडणाऱ्यांना माझी विनंती आहे. कंपूंना गोळीबाराचे आणि हालचालीचे फासे इंग्रजांच्या बरोबरीने द्या. तोफांना वरचढ फासे द्या, आणि ताब्यात आलेली तोफ सोडून पुढे गेलेल्या पलटणीच्या पाठीवर ती पुन्हा धडाडू शकेल, असा नियम लिहा. कमतरता दाखवायचीच असेल तर मराठी बाजूच्या पत्त्यांतले चार-पाच काढून घ्या.