मुलतानी मातीपासून क्लच प्लेटपर्यंत

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची एक खोड आहे. ते थांबलेल्या अवस्थेतून जोर लावू शकत नाही. आधी ते फिरत असावे लागते, मगच ताकद देते. चाके मात्र सुरुवातीला स्तब्ध असतात. या फिरणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ हळुवारपणे घालून देणे, हे क्लचचे काम. ही गाठ घर्षणातून पडते, आणि जिथे घर्षण आले तिथे झीज आली. म्हणूनच क्लचचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या दुरुस्तीचाही इतिहास आहे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत वेगळा क्लच नव्हता. चामड्याचा पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवला की गाडी चालू लागे. पुढे मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच आला. फ्लायव्हीलच्या खोलगट भागात चामडे मढवलेला शंकू स्प्रिंगच्या जोराने जाऊन बसे. चामडे वाळून कडक झाले की गाडी झटके देई. मग चालक त्याला एरंडेल चोळत. तेल जास्त झाले की तोच क्लच घसरू लागे. त्यावर उपाय काय, तर तेल शोषून घेणारी मुलतानी माती! आपल्याकडे जी चेहऱ्याला लावतात, त्याच जातीची माती त्या काळी युरोपात मोटारीच्या क्लचवर भुरभुरली जात असे.

चामड्याला उष्णता सोसत नाही. याच सुमारास इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ अस्तर करण्याचे प्रयोग सुरू केले. फेरोडो हे प्रसिद्ध नाव त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून, पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातले आद्याक्षर त्यात मिसळून तयार झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आले. ते न जळणारे, चिवट आणि स्वस्त. शंकू मागे पडून दोन्ही बाजूंना अस्तर लावलेली सपाट, कोरडी प्लेट रूढ झाली. आजच्या लहान गाडीतही तत्त्वतः तीच आहे.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीवर मुंबईच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या तयार झाल्या. त्या गाडीत इंजिनामागे गिअर बॉक्स, तिथून लांब शाफ्ट आणि मागची चाके, अशी सरळ रांग होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडली आणि ही रांग मोडली. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन आडवे, गिअर बॉक्स त्याच्या शेजारी, जोर पुढच्या चाकांना, आणि क्लच तारेच्या केबलने ओढला जाणारा. जुन्या मिस्त्रींना हात पुन्हा बसवावा लागला. पाचशे ग्रॅम भाजीइतकीही किंमत नसलेले केबलचे नट आणि गिअर बॉक्स उतरवण्याचे महागडे काम, यांतला फरक ओळखणे हीच खरी कारागिरी ठरली.

तो ओळखायचा कसा? क्लचचे पेडल सुरुवातीला थोडे सैल असावे लागते. प्लेट झिजते तसतशी ही ढील कमी होते. ती संपली की पायाने न दाबताही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि घसरतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही. घाटात जळका वास येतो. अशा वेळी आधी केबलचा नट फिरवून ढील पाहावी. ती बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट संपली आहे किंवा तिच्यावर तेल उतरले आहे.

उलट, ढील फार वाढली किंवा केबल ताणली, तर क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. इथेही प्लेट बहुधा निर्दोष असते. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर आवाज थांबला, तर तो गिअर बॉक्समधला. गाडी उचलताना थरथरली, तर प्लेटवरच्या तेलाइतकाच इंजिनाच्या सैल माउंटिंगचाही विचार करावा. गिअर बॉक्स उतरवायचीच वेळ आली, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

या इतिहासाची एक काळी बाजू आहे. क्लच उघडला की झिजलेल्या अस्तराची भुकटी दिसते. गॅरेजात ती हवेच्या पाइपाने उडवण्याची सवय. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतले, तर रोग दिसायला काही दशके लागतात. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदी ४० वर्षे जपण्यास सांगितले. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी आली. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात स्पॅनर देणाऱ्या पोराची नोंद कोणत्या वहीत सापडणार? अस्तर कशाचे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून भुकटी उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. या उपायाला काही खर्च नाही.

जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ क्लचच्या पेडलाशिवाय बाजारात आली. पेडल गेले, तरी आतली प्लेट तीच राहिली. आता तिचा क्लच यंत्र दाबते. विजेच्या मोटारीला मात्र सहसा क्लच लागत नाही, कारण तिची मोटर थांबलेल्या अवस्थेतूनही जोर लावते. तोपर्यंत रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत ही प्लेट झिजत राहील, आणि ती खरोखर झिजली आहे की नुसती केबल ढिली झाली आहे, हे ओळखणारा कान लागेलच.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)