यकृतारोपण आणि रक्ताची आडवाट

यकृताची जागा मोठी अडचणीची. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहानीला त्याच्या पाठीला चिकटून वर जाते, आणि आतड्यांतील रक्त घेऊन येणारी प्रवेशिका नीला थेट त्याच्यात शिरते. जुने यकृत काढून नवे बसवीपर्यंत हे दोन्ही प्रवाह अडवून धरावे लागतात. प्रवाह असे अडविले की प्रयोगशाळेतील कुत्री दगावत. म्हणून अडलेले रक्त प्लॅस्टिकच्या नळीने बाहेरून वळवून मानेच्या नीलेत सोडण्याची युक्ती निघाली. आणि माणसांसाठीही तीच उचलली गेली.

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका बालकावर मानवी यकृतारोपणाची पहिली शस्त्रक्रिया केली. रक्तस्राव काही केल्या आवरेना. बालक मेजावरच गेले. मे महिन्यात ४८ वर्षांच्या रुग्णाची पाळी आली. पहिल्या अनुभवाने धास्तावलेल्या वैद्यांनी या वेळी रक्त गोठण्यास साहाय्य करणारी औषधे दिली. रक्तस्राव आवरला, नवे यकृतही काम करू लागले. परंतु त्या आडवाटेच्या नळीत गुठळ्या धरल्या होत्या. त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या आणि बाविसाव्या दिवशी रुग्ण दगावला. पुढच्या रुग्णांच्या फुप्फुसांतही गुठळ्याच आढळल्या. बोस्टन व पॅरिस येथील प्रयत्नही फसले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ हे काम थांबविण्यात आले.

दैवदुर्विलास असा की, बहुतेक रुग्णांना त्या नळीची गरजच नव्हती. यकृत दीर्घकाळ बिघडलेले असले म्हणजे अडलेले रक्त आपणहून आजूबाजूच्या बारीक शिरांतून मार्ग काढते. शस्त्रक्रियेत भळभळून वाहतात त्या बहुधा याच शिरा. आणि प्रवाह अडविल्यावर रुग्णाला तारतात त्याही याच. निरोगी कुत्र्याला ही सोय कोठून असणार!

जुलै १९६७ मध्ये डेन्व्हर येथेच दीड वर्षाच्या एका मुलीवर केलेले आरोपण यशस्वी झाले; ती वर्षाहून अधिक जगली. आडवाट मात्र कायमची बुजली नाही. १९८० नंतर पिट्सबर्ग येथे स्टार्झल यांच्याच सहकाऱ्यांनी तिला पंपाची जोड दिली. पूर्वीच्या नळीत रक्त आपल्या गतीने रेंगाळे. आता ते वेगाने ढकलले जाऊ लागले, त्यामुळे गुठळी धरण्याचा धोका पुष्कळ घटला. पुढे रुग्णाची अधोमहानीला न कापता जागीच ठेवून तिच्यावर नवे यकृत जोडण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा अनेक रुग्णांत पंपाचीही आवश्यकता उरली नाही.

आजही आरोपणानंतर प्रवेशिका नीलेत गुठळी होते, कधी यकृतातून बाहेर पडणाऱ्या नीलेचा सांधा आवळतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत डॉप्लर यंत्राने तेथील रक्ताची चाल पुनःपुन्हा तपासली जाते.